बुवांनी काला लांबवला

सप्ताह म्हणजे सात दिवस. आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, मग महाप्रसाद, मग मांडववाला येतो आणि बांबू सोडून नेतो. अंबरनाथच्या आमच्या चाळीत हे इतकं बिनचूक चालत आलं होतं की मांडववाल्याला निरोप धाडावा लागत नसे. शेवटची पंगत बसायच्या सुमारास तो हातगाडी घेऊन नळाजवळ उभा असायचा. नव्वदनंतरच्या एका वर्षी मात्र तो आला, उभा राहिला, जेवला आणि रिकामी हातगाडी ढकलत परत गेला. बुवांनी त्या दिवशी काला केलाच नाही.

बुवा म्हणजे चाळीच्या तोंडाशी असलेल्या विठ्ठलमंदिराचे सर्वेसर्वा. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, पोट त्याहून. भजनी मंडळ त्यांचं, सप्ताह त्यांचा, काल्याचं कीर्तन त्यांचं. पण त्यांचा खरा अधिकार देवळाबाहेर चालायचा. मुलीला कोणतं स्थळ, मुलाला कोणती शाळा, गुडघ्याला कोणतं तेल, कलर टीव्ही आत्ता घ्यावा की दिवाळीनंतर, चाळीचं उत्तर ठरलेलं: "बुवा म्हणतील तसं." बुवांना टीव्हीतलं काही कळत नव्हतं. तरी ते डोळे मिटून दोन क्षण थांबायचे आणि म्हणायचे, "दिवाळीनंतर."

फक्त आमचं घर याला अपवाद होतं. माझे वडील आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात युनियनचे पुढारी. चाळीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, पुढारीच म्हणत. आमच्या घरी पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली पत्रक घट्ट बसवलेलं, माझ्या शाळेच्या पुस्तकांना पत्रकांची कव्हरं. गणिताच्या पुस्तकावर ‘आमच्या मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत’ असं ठळक छापलेलं पाहून बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं होतं. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य ‘कामगार बंधू-भगिनींनो, सावधान!’ हे होतं आणि तेव्हापासून मी सावधानच होते. कॉलेजात जायला लागल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. विषयांची कमतरता नव्हती. आणि त्या वर्षी तर विषय चालत दारात आला.

तो उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून आला, पांढऱ्या सफारीत, सोबत आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन. त्याचं तिकडे फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि आता तो इमारती बांधायला लागला होता. गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यानं आमच्या चाळीची जमीन त्याला विकली होती. सगळे त्याला शेठ म्हणत. शेठची योजना सोपी होती: चाळ पाडायची, चार मजली इमारत उभी करायची, पुढच्या ओळीतल्या प्रत्येकाला त्यात एक फ्लॅट द्यायचा. पुढच्या ओळीतल्यांकडे भाडेपावत्या होत्या. मागच्या ओळीतल्यांकडे नव्हत्या. मागची ओळ म्हणजे मूळ चाळीला मागून टेकवलेल्या पत्र्याच्या खोल्या. तिथे हमाली करणारे, फेरीवाले, कॅम्प तीनहून जीन्सचे गठ्ठे आणून घरात बसून त्यांचे लोंबते धागे कापणाऱ्या बायका, आणि देवळाला रोज तुळशीचा हार करून देणारी एक मावशी राहायची. योजनेच्या नकाशात मागच्या ओळीच्या जागी स्कूटरी उभ्या दाखवल्या होत्या.

पुढच्या ओळीनं नकाशा पाहिला. फ्लॅटमध्ये आतच संडास, हे वाचून दोन बायका रडल्या. एका हौशी कुटुंबानं तर शेठच्याच दुकानातून सोफासेट आणला. तो त्यांच्या दारातून आत जाईना, म्हणून गॅलरीतच राहिला आणि येणारा-जाणारा त्याच्यावरून पाय टाकून जाऊ लागला. पण सह्या करायची वेळ आली तेव्हा सगळे म्हणाले, "बुवा म्हणतील तसं."

शेठ धंद्यातला माणूस. दहा गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यापेक्षा घरातल्या मोठ्या माणसाला खूश करावं हे त्याला दुकानात कळलेलं होतं. तो आईला घेऊन देवळात आला, दर्शन घेतलं आणि बुवांच्या खोलीत चहाला बसला. पैशाचं त्यानं नावही काढलं नाही. त्यानं नुसतं खोलीकडे पाहिलं.

ती एकच खोली होती आणि मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडे बुवा, पलीकडे त्यांचा लेक आणि सून. आता सून नव्हती. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच ती बदलापूरला माहेरी गेली होती आणि आली नव्हती. भांडण वगैरे काही नाही. बुवा पहाटे उठून पडद्याच्या अलीकडे भजनाचा सराव करायचे, एवढंच. जाताना ती नळावर सगळ्यांसमोर बोलून गेली होती, "नवऱ्याशी दोन शब्द भांडायचं झालं तरी टाळाच्या ठेक्यावर भांडावं लागतंय. पडदा नको मला. भिंत झाली की बोलवा."

शेठनं हे कुठून ऐकलं कोण जाणे. तो म्हणाला, "बुवाजी, सबको एक फ्लॅट. आपको दो खोली ज्यादा. बीच में पक्की दीवार. नौ इंच की."

"आणि देऊळ?" बुवांनी विचारलं.

"मंदिर मार्बल का. आपको बस काला के दिन कीर्तन में दो शब्द बोलना है. स्कीम अच्छी है, सब साइन करो. बस."

त्याची आई हात जोडून बसली होती. ती म्हणाली, "और भंडारा हमारी तरफ से. जब तक आपका सप्ताह चलेगा, खाना हमारे घर का. ये मेरा वचन है भगवान को."

बुवांनी पडद्याजवळ हाताची वीत धरून नऊ इंच मोजून पाहिले. मग म्हणाले, "बरं."

ही सगळी बोलणी हारवाल्या मावशीनं ऐकली, कारण ती खोलीच्या उंबऱ्याशी बसून तुळस ओवत होती आणि तिला उठ म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती बातमी चाळभर झाली. मी मावशीला म्हटलं, "तुम्ही तिथल्या तिथं बोलला का नाहीत?" मावशी म्हणाली, "काय बोलू बाय? हार अर्धा झाला व्हता."

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘भिंत कुणाची, छप्पर कुणाचं?’ आणि पहिली ओळ, ‘विकल्या गेलेल्या बुवांना मागच्या ओळीचा सवाल!’ ते छापायला मी कॅम्प तीनमधल्या एका छापखान्यात दिलं. तिथले काका सिंधी, स्वभावानं गोड. लग्नपत्रिका आणि जीन्सची लेबलं छापायचे. पत्रकं घ्यायला गेले तर वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, खाली कलश.

"काका, ये क्या किया?"

"बेटी, ब्लॉक लगा हुआ था. शादी का सीझन है. गणपती का एक्स्ट्रा थोडे ही लगाया है."

मी तीच पत्रकं वाटली. लोकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि विचारलं, "मुहूर्त कधीचा?" पुढच्या ओळीत काहींनी ती देवघरात ठेवली. वाचली किती जणांनी, ते सांगता येत नाही.

मग सप्ताह सुरू झाला. ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: पहिल्या दिवशी वीणा गळ्यात घेतली की ती काला होईपर्यंत खाली ठेवायची नाही. कुणी ना कुणी ती घेऊन उभं असतं आणि नाम चालू असतं. दोन-दोन तासांचे पहारे असतात. आमच्याकडे पहारे कारखान्याच्या शिफ्टप्रमाणे लागत. फर्स्ट शिफ्टवाले संध्याकाळी, सेकंडवाले सकाळी, नाइटवाले दुपारी डोळे चोळत. भोंगा झाला की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. सात दिवसांची बेगमी सगळ्यांनी केलेली असे. कुणी रजा टाकलेली, कुणी शिफ्ट बदलून घेतलेली.

शेठच्या आईनं वचन पाळलं. उल्हासनगरहून टेम्पोतून आचारी आला. पहिल्या दिवशी सिंधी कढी पाहून पंगतीतले हात थांबले.

"कढी आहे ही?" सोफासेटवाल्या काकू म्हणाल्या. "दही कुठंय?"

"आणि भेंडी कशी आली हिच्यात?"

"शेंगापण आहेत. वहिनी, बघा, शेंग!"

दुसऱ्या दिवशी त्याच कढीचे तीन-तीन डाव मागितले गेले. वर बुंदी होती. शेठ दाराशी उभा राहून प्रत्येकाला विचारत होता, "और लाऊं? शरमाओ मत." त्याला वाटत होतं, आठवा दिवस आला की झालं.

आठव्या दिवशी सकाळी मांडव भरलेला. दहीहंडी टांगलेली. शेठ आणि त्याची आई पुढे बसलेली. बुवा उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत घुमेल अशा आवाजात म्हणाले, "मंडळी, आज घसा बसलाय. काला उद्या."

दुसऱ्या दिवशी एकादशी निघाली. उपासाला काला कसा करायचा? त्यानंतरच्या दिवशी पखवाजाला कणीक नीट लागेना. मग बुवांच्या स्वप्नात काहीतरी आलं, ते काय हे त्यांनी सांगितलं नाही. दहीहंडीतलं दही रोज बदलावं लागत होतं आणि हंडीखालून जाणारा प्रत्येक जण नाक मुरडत होता.

खरी पंचाईत वीणेची झाली. काला नाही म्हणजे वीणा खाली नाही. पण लोकांच्या रजा संपल्या होत्या. सुपरवायझर ओरडायला लागले. "अरे, किती दिवस सप्ताह तुझा? सप्ताह आहे का महिना?" चाळीत कुजबुज सुरू झाली. आणि ज्यांनी देवळाची पायरी कधी चढली नव्हती ते माझे वडील त्या संध्याकाळी हातात पेन्सिल घेऊन मंडपात येऊन उभे राहिले.

"पहारे कोण लावतंय?"

पखवाजवाला म्हणाला, "पुढारी, तुम्ही कशाला..."

"असे लावतात का पहारे? एकाच खात्यातली चार माणसं एकाच वेळेला! उद्या चौघांना मेमो मिळाला तर? खातं बदलून लावा. गेटवर बसायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळा पावसाळा काढला होता अशा पाळ्यांवर." आणि ते खाली बसून मंडळाच्या पोरांना समजावू लागले, कोणाला कुठून बदली द्यायची, कोणाला राखीव ठेवायचं.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "बाबा, तुम्ही वीणेच्या पाळ्या लावताय?"

ते शांतपणे म्हणाले, "अगं, हा संप आहे."

"कुणाचा?"

"बुवाचा. त्याला अजून कळलं नाहीये एवढंच."

मला हे पटलं नाही. माझ्या मते बुवा भाव वाढवून घेत होते. मी दुसरं पत्रक काढलं (काकांनी या वेळी कलश तेवढा काढला) आणि दुपारी मंडपात वाटायला गेले. मंडपात वर्दळ नव्हती. एक टर्नर वीणा घेऊन पेंगत उभा होता. चार म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेवढ्यात सेकंड शिफ्टचा भोंगा झाला. टर्नरनं डोळे उघडले, रस्त्याकडे पाहिलं, त्याच्या जागी येणाऱ्याचा पत्ता नव्हता.

"ए, धर!" तो म्हणाला.

"मी? मी नाही. मी विरोधात आहे."

"विरोधात राहा, पण धर. माझं कार्ड पंच व्हायचंय!" आणि वीणेचा पट्टा माझ्या गळ्यात टाकून तो धावत सुटला. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "अगोबाई, बाईमाणसाच्या गळ्यात!" दुसरी म्हणाली, "मग तू उठ, धर." पहिली बसूनच राहिली.

खाली ठेवावी तर साऱ्या चाळीचा सप्ताह मोडणार. पत्रकांचा गठ्ठा काखेत, वीणा छातीवर, अशी मी उभी राहिले. तेव्हाच बुवा आतून आले.

मला पाहून ते थबकले. मग म्हणाले, "नाम घे."

"घेणार नाही."

"बरं, मनात काय हवं ते घे. पण ओठ हलव. म्हाताऱ्या बघतायत."

मी ओठ हलवले. मी ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ म्हणत होते. तालात बसतं ते.

बुवांनी माझ्या काखेतून एक पत्रक ओढून घेतलं, पायरीवर बसले, चष्मा लावला. "लग्न कुणाचं?"

"तुमचं," मी म्हणाले.

त्यांनी सगळं वाचलं. आमच्या चाळीत माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा तो पहिला माणूस. मग बोट ठेवून म्हणाले, "हे ‘विकले गेलेले’ चुकीचं आहे. विकलो नाही अजून. घासाघीस चालू आहे."

"शेठशी?"

"शेठशी कशाला? त्याचा भाव ठरलाय. माझी माझ्याशी चालू आहे." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, काला म्हणजे काय माहीत आहे का तुला? पुढाऱ्यानं सांगितलं नसेल."

"दहीहंडी."

"हंडी शेवटी. आधी आख्यान. बाकी दिवस कीर्तनकार मोकळा असतो, हवी ती कथा लावावी. काल्याला ती सोय नाही. काल्याला एकच कथा, पिढ्यान् पिढ्या. रानात सगळे गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात. कुणाचा दहीभात, कुणाची भाकरी, कुणाच्या आंबलेल्या कण्या. कृष्ण म्हणतो, सगळं एकत्र कालवा. आणि एक लंगडा गडी लाजून मागं बसलेला असतो, आपल्या कण्या लपवून. कृष्ण त्याला हाताला धरून पुढं ओढतो आणि पहिला घास त्याच्या शिदोरीतला खातो. इथं मी दर वर्षी रडतो. खरा रडतो, नाटक नाही."

"मग?"

"मग काय मग! मागं बसलेल्याला पुढं ओढायचं, उपरण्यानं डोळे पुसायचे आणि त्याच तोंडानं म्हणायचं, मंडळी, मागची ओळ सोडून बाकीच्यांनी सह्या करा? सगळ्या बाजूंनी जुळवून पाहिलं. दृष्टान्त लावून पाहिला. चालीत म्हणून पाहिलं. सांधाच बसत नाही."

"मग शेठला नाही म्हणा ना! सरळ आहे."

बुवांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच त्यांना गुडघ्याचं तेल सुचवत होते. "आणि सून?"

माझ्या दोन्ही पत्रकांत सुनेबद्दल एक शब्द नव्हता. पत्रकांत भांडवलदार असतात, दलाल असतात, जनता असते. पडद्यापलीकडे झोपणारी सून नसते.

"पोरगा संध्याकाळी कामावरून येतो आणि भिंतीकडे तोंड करून जेवतो," बुवा म्हणाले. "त्याची भिंत माझ्या दोन शब्दांवर अडलीये. ती पण घालवू म्हणतेस का? छापून दे बरं, काय करू ते."

माझे खांदे भरून आले होते. मी म्हटलं, "बाबा म्हणतात तुम्ही संप केलाय."

बुवांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "असं म्हणाला? पुढारी? कुणाविरुद्ध?"

"ते नाही म्हणाले."

"विचार त्याला," ते उत्सुकतेनं म्हणाले. "त्याला कळतं त्यातलं."

त्या टर्नरचा बदली माणूस पार चहाच्या वेळेला आला. त्यानंतर माझं नाव रीतसर पाळ्यांत लागलं आणि माझ्यामागून मागच्या ओळीतल्या धागेवाल्या बायकांचीही लागली. कुणी हरकत घेतली की वडील म्हणायचे, "मग तुम्ही या दुपारच्या पाळीला." हरकत तिथेच मिटायची.

इकडे पंगतीचा दर्जा घसरत चालला होता. बुंदी गेली, शिरा आला. शिरा गेला, नुसती कढी राहिली. मग एक दिवस कढीतली भेंडीही गेली. शेठ दाराशी आता ‘और लाऊं’ म्हणत नव्हता, नुसता उभा असायचा आणि पानांकडे बघायचा. त्याची आई मात्र रोज नव्या उत्साहानं पहिल्या रांगेत येऊन बसायची. तिला मराठी अर्धंमुर्धं कळायचं, पण टाळांचा नाद तिला फार आवडला होता. शेठनं एकदा तिला म्हटलेलं मी ऐकलं, "अम्मा, अब बस करते हैं. और कितना?" ती कडाडली, "मैंने भगवान को बोला है, तेरे को नहीं बोला."

शेठ बुवांकडे गेला. "बुवाजी, कल?"

"उद्या."

"पक्का?"

"पक्का उद्या," बुवा म्हणाले. असं ते रोजच म्हणत. पण त्या संध्याकाळी बदलापूरहून सून आली. हातात पिशवी, मागे तिचा नवरा, आनंदानं कान लाल झालेला. त्यानं तिला सांगितलं होतं, भिंत ठरली, काल्याला बुवा जाहीर करतील. ती बुवांच्या पाया पडली.

"मामा, नऊ इंची म्हणे?"

"नऊ इंची," बुवा म्हणाले आणि आत जाऊन पडद्याच्या अलीकडे बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सराव केला नाही. शेजाऱ्यांना वाटलं, आता खरोखरच घसा बसला.

सकाळी ते मांडवात उभे राहिले आणि काला सुरू केला. घसा ठणठणीत होता. गाई रानात गेल्या, शिदोऱ्या सुटल्या, दहीभात आला, भाकऱ्या आल्या. मागच्या ओळीतली माणसं मांडवाच्या कडेला उभी होती, काही बसली होती. हारवाली मावशी खांबाला टेकून. बुवा त्या लंगड्या गड्यापाशी आले. कृष्णानं त्याला हाक मारली. त्यानं कण्या पाठीमागे लपवल्या. आणि बुवा थांबले. टाळकऱ्यांनी ठेका धरून ठेवला, त्यांना वाटलं दर वर्षीसारखं रडणं येतंय. रडणं आलं नाही.

"मंडळी," बुवा साध्या आवाजात म्हणाले, "मला शेठनी दोन खोल्या जास्त देऊ केल्यात. मध्ये भिंत. मी हो म्हणालो. त्याच्या बदल्यात मी आज तुम्हाला सांगायचंय की सह्या करा. तर मी सांगतो, करू नका. मागची ओळ नकाशात येत नाही तोवर करू नका. माझ्या दोन खोल्या त्यांच्या डोक्यावर उभ्या राहणार होत्या. मी दहा वेळा मोजून पाहिलं, दुसरीकडे कुठं बसत नाहीत."

ठेका थांबला. शेठच्या आईनं शेजारच्या सोफासेटवाल्या काकूंना कोपरानं ढोसलं. "क्या बोला? क्या बोला?"

काकूंचं हिंदी बेताचं. "वो बोले... आपका लडका... पीछे के लोगों का छप्पर निकालके... बुवा को दीवार देता."

"कौन निकालता?"

"आपका लडका."

म्हातारी सावकाश मुलाकडे वळली आणि सिंधीत बोलायला लागली. आम्हाला शब्द कळले नाहीत, पण तो सफारीतला माणूस बघता बघता शाळकरी झाला. मध्ये एकदाच तो हिंदीत म्हणाला, "अम्मा, धंदे में ऐसा ही होता है," आणि त्यावर आलेल्या उत्तरानं त्याला पुन्हा खाली बसवलं.

त्याच वेळी मागून माझ्या वडलांचा आवाज आला. इतकी वर्षं गेटवर जे करत आले तेच त्यांनी केलं. मूठ वर गेली आणि ते गरजले, "बुवांचा विजय असो!"

आणि मांडवानं, त्यालाही इतकी वर्षं जे करायची सवय होती त्याप्रमाणे, एकसुरात उत्तर दिलं, "हाऽरि विठ्ठल!"

सगळेच खूश झाले असं नाही. सोफासेटवाले काका उठून म्हणाले, "बुवा, हे दोन आठवड्यांपूर्वी सुचलं असतं तर? आता हा सोफा मी घालू कुठं?" आणखी दोघे-तिघे त्यांच्या बाजूनं बोलले. आतल्या संडासाचं नाव निघालं. पण सही कुणी केली नाही, कारण बुवा म्हणाले होते करू नका, आणि बुवांचं न ऐकून काय करायचं हे चाळीला कुणी शिकवलेलंच नव्हतं. शेठनं नकाशाची सुरळी काखेत मारली. जाताना म्हणाला, "देखेंगे. आर्किटेक्ट को पूछना पडेगा." पुढे त्याला ते विचारायला पाच-सहा वर्षं लागली. तोवर चाळ होती तशीच उभी राहिली, मागच्या ओळीसकट, गळत.

पण त्या दिवशी त्याच्या आईनं आचाऱ्याला हाक मारली आणि बुंदी काढायला लावली.

हंडी फुटली, वीणा एकदाची खाली ठेवली आणि पंगत बसली. बुवा पंगतीत नव्हते. ते देवळाच्या मागच्या भिंतीशी एकटे बसले होते आणि त्यांचा लेक लांब नळाजवळ पाठ करून उभा होता. मी पाणी वाढत होते, म्हणून मला दिसलं: सून पान वाढून घेऊन बुवांपुढे गेली. पान ठेवलं. ठेवताना जरा आपटलंच.

"जेवा."

बुवा म्हणाले, "पोरी, भिंतीचं..."

"ऐकलं. सगळ्या मांडवानं ऐकलं." ती पदर खोचून तिथेच उकिडवी बसली. "बदलापूरला माझ्या भावानं खोली बघून ठेवलीये, भाड्याची. लहान आहे, पण दार आहे, कडी आहे. रविवारी आम्ही सामान हलवतो."

"दोघंही?"

"मग काय, त्यांना एकट्यांना ठेवू इथं तुमची पदं ऐकायला?"

बुवा पानाकडे बघत राहिले. "मग मी इथं एकटा?"

"एकटे कुठले? मागची ओळ आहे ना. ओढा पुढं एकेकाला." तिचा आवाज कडकच होता. मग ती उठली, दोन पावलं गेली, वळून म्हणाली, "पडदा काढून टाका तो. आता काय काम त्याचं. आणि गुरुवारी जेवायला या तिकडं. गाऊ मात्र नका."

बुवांनी मान डोलावली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुढाऱ्याच्या पोरी, कढीत आज भेंडी आहे का गं? वाढ थोडी."